आईच्या जागी पोतं

खूप खूप जुनी गोष्ट आहे, बरं का. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते मला विचारू नका, समुद्राला कुठे राजाचं नाव ठाऊक असतं! एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर चाळीस घरांचं कोळ्यांचं गाव. एवढं कळलं तरी पुरे.

या गावाने एकदा मोठं वादळ सोसलं होतं. त्यात सोळा माणसं गेली. तेव्हापासून गावाने एक रीत पाडली. दरवर्षी पावसाच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या, की एके दिवशी भर उन्हात गावातली जाणती म्हातारी चांगुणाबाई शंख फुंकायची. शंख ऐकू आला की हातातलं काम टाकायचं आणि डोंगरावरच्या गुहेत जायचं. पण आधी आपल्या घराकडे नाही हं! आधी समोरच्या घरी धावायचं, तिथलं म्हातारं, आजारी माणूस झोळीत घालून बाहेर काढायचं. कारण स्वतःच्या घरात शिरला की माणूस भांडीकुंडी शोधत बसतो. दुसऱ्याच्या घरात त्याला फक्त माणूस दिसतो.

घर रिकामं झालं की उंबऱ्यावर टोपली उपडी घालायची. टोपली दिसली की त्या घरात कुणी डोकावायचं नाही, वेळ दवडायचा नाही. या सगळ्याला गाव ‘चढणीचा दिवस’ म्हणायचं.

गोमा हा गावातला नावाजलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. बायको वारलेली, लेकी सासरी. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. आईचे पाय गेलेले, पण तोंड मात्र शाबूत! चढणीच्या दिवशी तिला झोळीत घातली की ती डोंगर चढेपर्यंत साऱ्या गावाचा उद्धार करायची. “मेल्यांनो, मला काय मढं समजलात?”

गोमाचा आईवर फार जीव. म्हणून तर त्याने शक्कल काढली. एका वर्षी त्याने भाताच्या तुसाचं पोतं आईच्या वजनाचं भरलं, झोळीत घातलं, वर तिची वाकळ पांघरली आणि पडवीत ठेवून दिलं. समोरच्या घरचे भानजी आणि त्याचा भाऊ आले, हसले आणि पोतं उचलून वर घेऊन गेले. आई घरात आरामात झोपली. असं एक नाही, चार वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी चढणीच्या दिवशीच चांगुणाबाईने त्याला गाठलं.

“गोमा, हे काय रे? पोत्याला कळा येत नाहीत, पोतं रडत नाही. तुझ्या आईचं तसं आहे का?”

“अहो मावशी, आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि त्या म्हातारीला उन्हात कशाला भाजू?” गोमा हसून म्हणाला. “खरी वेळ आली की मी आहेच ना!”

डोंगरावरून परत आणलेली झोळी गोमाने सोडलीही नाही. पोतं तसंच पडवीत पडून राहिलं.

आणि त्यानंतर पाचव्याच दिवशी खरी वेळ आली, तेव्हा गोमा घरी नव्हता. होडीसाठी लाकूड आणायला तो डोंगरापलीकडच्या गावी गेला होता. दुपारी समुद्र काळवंडला. वारा असा सुटला की माड जमिनीला टेकू लागले. चांगुणाबाईने शंख फुंकला.

भानजी आणि त्याचा भाऊ रिवाजाप्रमाणे गोमाच्या घरी धावले. पाऊस डोळे उघडू देत नव्हता. पडवीत झोळी, झोळीवर वाकळ. चार वर्षांची सवय हातांना! दोघांनी झोळी खांद्यावर घेतली, टोपली उपडी घातली आणि डोंगर धरला. घरात म्हातारी ओरडत होती. पण त्या वाऱ्यापुढे तिचं कोण ऐकणार?

इकडे गोमा लाकूड तिथेच टाकून, डोंगर ओलांडून धापा टाकत गुहेत पोचला. गाव जमलेलं पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

“आय कुठाय माझी?”

“ही काय, आणलीय ना,” भानजी म्हणाला आणि त्याने वाकळ बाजूला केली.

आत तुसाचं पोतं होतं.

गोमाने कपाळ बडवून घेतलं. त्याला भानजीवर रागावताही येईना, कारण पोतं कुणी भरलं होतं? तो उलट्या पावली डोंगर उतरू लागला आणि भानजी त्याच्या मागे धावला.

खाली कमरेइतकं पाणी गल्लीत शिरलं होतं. शेजारच्या दोन घरांची छपरं उडून गेली होती. गोमाच्या उंबऱ्यावरची टोपली केव्हाच वाहून गेली होती. “आय! आय गो!” करत तो आत घुसला, आणि जागीच थबकला.

भाताच्या मोठ्या कणगीवर आई बसली होती. तिच्या कमरेला जाळ्याचा दोर, दोराचं दुसरं टोक घराच्या मधल्या खांबाला. आणि कणगीला पाठ लावून, कमरभर पाण्यात, आईचे पाय घट्ट धरून चांगुणाबाई उभी होती. सत्तरीची बाई!

“सगळ्यात मागे मी निघते, ठाऊक आहे ना?” ती थरथरत म्हणाली. “तुझ्या दारात टोपली उपडी होती. पण तुझ्या टोपलीवर माझा विश्वास नव्हता रे बाबा. कशीबशी हिला वर चढवली. डोंगरावर नेण्याइतकं बळ मात्र नव्हतं.”

“मेल्या, आत्ता उगवलास?” आई ओरडली. “ही बिचारी माझ्यापायी मरत होती!”

आईची ती शिवी गोमाला इतकी गोड कधी लागली नव्हती. त्याने आईला पाठुंगळी घेतलं, भानजीने चांगुणाबाईला. चौघं अर्ध्या डोंगरावर पोचली असतील नसतील, तोच खाली गोमाचं घर कोसळलं.

वादळ सरलं. होड्या फुटल्या, चाळीसातली अकरा घरं पडली. पण त्या गावातलं एकही माणूस गेलं नाही. सकाळी गुहेसमोर सगळ्यांदेखत गोमाने चांगुणाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला हुंदके आवरेनात.

“मावशी, माझी आय तुमच्यामुळे आहे. हे उपकार मी कसे फेडू?”

“फेडू नकोस,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी आईला उन्हात भाज.”

पुढच्या वर्षी चढणीच्या दिवशी शंख वाजला. भानजीने गोमाच्या नव्या घरातून खऱ्या आईला झोळीत घातलं, आणि ती अख्खा डोंगर चढेपर्यंत गावाचा उद्धार करत गेली. गोमा तेव्हा समोरच्या घरातून भानजीच्या आजारी सासऱ्याला खांद्यावर घेऊन निघाला होता. घामाने निथळत होता, ऊन रणरणत होतं. वरून आईच्या शिव्या ऐकू आल्या, तसे त्याने दोन्ही डोळे मिटून समुद्राला, डोंगराला आणि चांगुणाबाईला मनोमन नमस्कार केला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यासाठी करायची तयारी कधी खोटी करू नये, कारण संकट येतं ते खरंच येतं.