बंद केलेली विहीर

पहिल्याच भेटीत एखादा माणूस भरभरून बोलला, तर त्याची ओळख पटली असे तुम्ही मानता का?

एकदा एक वृद्ध भूशास्त्रज्ञ आपल्या शिष्याबरोबर एका ओसाड माळावर तेलाचा शोध घेत होता. जमिनीखाली खोल वालुकाश्माचा थर होता. त्यात तेल होते. पण खडक इतका घट्ट, की तेलाला वाहायला वाटच नव्हती. म्हणून त्यांनी चाचणीची एक विहीर खोदली. ती आधी सरळ खाली गेली, मग वळून त्या थरातून आडवी पुढे गेली. नंतर पाण्याच्या प्रचंड दाबाने खडकाला भेगा पाडल्या. ही विहीर चांगली निघाली, तर माळावर आणखी तीस विहिरी होणार होत्या आणि तिथली अकरा घरांची वाडी ओढ्यापलीकडे हलणार होती.

तेल लागले. तीन दिवस ते जोरात वाहत राहिले. शिष्याला आनंद आवरेना. तो वाडीत गेला आणि तान्हुबाई नावाच्या वयस्कर बाईंना म्हणाला, "मावशी, आता हलायचं नक्की. तयारीला लागा."

पाचव्या दिवशी वृद्धाने विहिरीची झडप बंद करायला सांगितली. कामगार चकित झाले. म्हाताऱ्याला तेल बघवत नाही, असे ते आपसात म्हणू लागले. वृद्ध मात्र रोज सकाळी स्टूल घेऊन विहिरीपाशी बसे आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत राही. शिष्याने दोनदा कारण विचारले. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, की अजून थांबू.

इकडे पावसाळा तोंडावर आला होता. वाडीने शिष्याच्या शब्दावर घरांची कौले उतरवायला घेतली, कारण पलीकडे तीच वापरायची होती. तान्हुबाई वाटेत भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "काय साहेब, तुमची विहीर रुसली म्हणे?" शिष्यही हसला, पण घाईने पुढे निघून गेला.

बारा दिवसांनी झडप उघडली. तासभर तेल जोरात आले. मग धार बारीक झाली आणि दुपारपर्यंत नुसती ठिबकू लागली.

वृद्धाने शिष्याला जवळ बसवले. तो म्हणाला, "आपण भेगा पाडल्या. त्या भेगांच्या काठाशी जे तेल होतं, ते आधी बाहेर आलं. ते खोटं नव्हतं; पण तो आपणच केलेल्या भेगांचा जोर होता. भेगा रिकाम्या झाल्यावर मागचा खडक त्या किती दिवसांत भरतो, ते खडकाचं खरं उत्तर. विहीर वाहत असताना ते कळत नाही, म्हणून ती बंद केली. बारा दिवसांत काटा जेमतेम हलला. तेल आहे, बाळा. पण हा खडक ते देणार नाही."

शिष्य दुखावल्या स्वरात म्हणाला, "सर, हे तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठे माहीत होतं? माहीत नसताना गप्प राहायचं, एवढंच माहीत होतं."

शिष्याने सुचवले, की आणखी महिनाभर पाहू, एखादे वेळी काटा चढेलही. वृद्धाने मान हलवली. "एक महिना गेला तर वाडी पावसात उघडी पडेल. अहवाल मी पाठवतो. वाडीत मात्र तू जा. शब्द तू दिला होतास."

त्या दिवशी शिष्य एकटाच विहिरीपाशी बसून राहिला. वृद्ध त्याला बोलवायला गेला नाही.

आपणही माणसांना, कामांना असेच तीन दिवसांत जोखतो, आणि त्या भरवशावर दुसऱ्यांना शब्द देऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य वाडीत गेला आणि विहिरी होणार नाहीत, असे त्याने सांगितले. उतरवताना निम्मी कौले फुटली होती. जी शाबूत होती ती तान्हुबाई छपरावर चढून रचू लागल्या, आणि शिष्य खाली उभा राहून एकेक कौल त्यांच्या हातात देत राहिला.