चुलीचा तिसरा दगड

मी सांगणार नाही म्हणालो होतो. भंतेजी आजारी पडले, म्हणून विहाराच्या पौर्णिमा अंकात यंदाची जातककथा कोणी लिहायची यावर कमिटीने सभा घेतली, चहा प्यायला आणि माझं नाव घातलं. चौथी नापास माणसाला लिहायला बसवायचं आणि वर सांगायचं, "तात्या, बोलता तसंच लिहा, फक्त शिव्या नकोत." बरं. शिव्या नाहीत. ही गोष्ट भंतेजींच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकली आणि दर वेळी डोक्याचा भुगा करून घरी आलो. तुमचाही होईल. मग मला विचारायला येऊ नका.

पूर्वी हेमवती नगरीवर सुषेण राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व एका शिपायाच्या घरी जन्मला. नाव ठेवलं संवर. मोठा होऊन तो नगररक्षक झाला, म्हणजे वेशी, रस्ते, चोरचिलटं, भांडणतंटे सगळं त्याच्याच गळ्यात. बोधिसत्त्व असला तरी त्या जन्मात तो नगररक्षक होता, म्हणून मी त्याला संवरच म्हणणार.

हेमवतीला मोठा दगडी कोट होता. तो बांधायला राजाच्या आजोबाने लांबलांबच्या मुलखातून माणसं आणली होती. कोट उभा राहिला, आजोबा वारला, माणसं उरली. परत जावं तर तिकडची शेतं दुसऱ्यांनी धरलेली. राहावं तर जागा नाही. मग ती पूर्ववेशीच्या रस्त्यावर, व्यापाऱ्यांच्या घरांच्या वळचणीला राहू लागली. दिवसा बाजारात ओझी वाहायची, गाड्या उतरवायच्या, रात्री भिंतीला पाठ टेकायची. पोरं तिथेच जन्मली, म्हातारी तिथेच झाली. नगरात त्यांना वळचणीची माणसं म्हणत.

संवरला त्यांचं वाईट वाटे. वाईट वाटणं सोपं आहे. पुढे काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याने घोंगड्या वाटल्या. थोड्याच दिवसांत निम्म्या घोंगड्या गुत्त्यावर दिसल्या. व्यापारी म्हणाले, "बघा." पण ज्यांनी विकल्या नाहीत ती माणसं त्या थंडीत मेली नाहीत, हेही खरं. त्याने अन्न वाटलं, तर चांगली कौलारू घरं असलेले लोक ताटं घेऊन रांगेत पुढे आणि वळचणीची माणसं सगळ्यात मागे. त्याने रांग बंद केली, तर वळचणीची पोरं उपाशी. द्यावं तरी चूक, न द्यावं तरी चूक. संवर कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात राजपुत्राचं लग्न ठरलं. नवरीची वरात पूर्ववेशीतून येणार होती. राजाने संवरला बोलावलं.

"पौर्णिमेला वरात येईल," राजा म्हणाला, "तेव्हा त्या रस्त्यावर मला एकही माणूस पसरलेला दिसता कामा नये. श्रेष्ठी पूर्णकाने निवारा बांधलाय. जातील ती निवाऱ्यात, न जातील ती नदीपलीकडे. हे नीट केलंस तर अमात्यपद तुझं."

नदीपलीकडे रान होतं. वाघरं होती, काम नव्हतं. तिकडे घालवलेलं माणूस परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

पूर्णक हा त्या नगरातला मोठा शेठ. मनाने वाईट म्हणता येणार नाही, पण दुसऱ्याचं भलं त्याला त्या दुसऱ्यापेक्षा जास्त कळे. निवारा त्याने झकास बांधला होता. लांबच लांब दालन, चुन्याने पांढरंशुभ्र, खाली नव्या चटया. चूल मात्र एकही नाही. भिंती काळ्या होतात म्हणून जेवण शेठच्या भटारखान्यातून यायचं. बोचकं दाराशी ठेवायचं, कुत्रं बाहेर ठेवायचं, दिवेलागणीला आत यायचं, उन्हं आल्यावर बाहेर पडायचं. दवंडी पिटली. पहिल्या दिवशी चार माणसं आली. दुसऱ्या दिवशी तीही निघून गेली.

संवर स्वतः रस्त्यावर गेला. पाटला नावाची एक म्हातारी तेलवाल्याच्या वळचणीला तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती.

"आई, निवाऱ्यात का येत नाहीस?"

"तू राहतोस तिथे?"

"मला घर आहे."

"मलाही आहे. त्यातच उभा आहेस. पाय मागे घे."

संवरने खाली पाहिलं. त्याचा पाय चुलीच्या राखेत होता. त्याने तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, तर ती म्हणाली, "तिथलं छत फार उंच आहे. झोप लागत नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझा मुलगा मिठाच्या तांड्याबरोबर गेलाय. आला तर मला कुठे शोधेल?"

"मग खरं कारण कोणतं?"

"तिन्ही खरी. तुला किती पाहिजेत?"

तिच्या शेजारी विरोच नावाचा हमाल राहत होता. तो म्हणाला, "धनी, मालाच्या गाड्या पहाटे येतात आणि तुमचं दार उन्हं आल्यावर उघडतं. पोट काय दाराला विचारून भरू?" एक जण म्हणाला, तिथे पिऊ देत नाहीत. दहा जणांना विचारलं आणि बारा कारणं मिळाली. पूर्णक म्हणाला, माणसं आळशी आहेत. पुरोहित म्हणाला, मागच्या जन्मीचं कर्म. वेशीवरचे पहारेकरी म्हणाले, त्यांना सवय झालीय. संवरला सगळ्यांचंच थोडं थोडं पटे, म्हणून आणखीच काही कळेनासं झालं.

पौर्णिमा जवळ आली. बाजाराचा दिवस होता, वळचणीची माणसं कामाला गेली होती. पूर्णकाने आपले नोकर लावून सगळा रस्ता झाडून घेतला. झाडला म्हणजे काय, चुलींचे दगड, राख, फुटकी मडकी, सगळं उचलून कोटाबाहेरच्या खंदकात लोटलं. कोणाला विचारलं नाही. चूल नसली की भूक लागेल, भूक लागली की आत येतील, असा त्याचा हिशोब.

आणि खरंच आली. त्या संध्याकाळी निवारा गच्च भरला. रस्ता आरशासारखा झाला. राजाने निरोप धाडला, "शाबास संवर, अमात्याची पगडी शिवायला टाकली आहे."

संवर खुशीत निवारा बघायला गेला. दाराशीच त्याला रडणं ऐकू आलं. आत बायका केस मोकळे सोडून बसल्या होत्या. पुरुष भिंतीकडे तोंड करून बसले होते. वाढलेली पानं तशीच पडली होती, भातावर माशा बसल्या होत्या.

"कोण गेलं?" संवरने विरोचला विचारलं.

"तेच कळत नाही, धनी," विरोच म्हणाला. "आमच्यात घरातलं माणूस मेलं की मगच चुलीचे दगड हलवतात. एरवी कोणी हात लावत नाही. आज सगळ्यांच्या चुली मोडल्या. म्हणजे सगळ्यांच्याच घरी कोणीतरी मेलंय. कोण मेलं ते माहीत नाही, पण सुतक आहे. सुतकात परक्या चुलीचं खायचं नसतं."

"मग खाणार कधी?"

"तेच दगड पुन्हा मांडले की."

आता सुतकबितक मी मानत नाही. संवरही मानत नव्हता. पण ती माणसं मानत होती, आणि पोट त्यांचं होतं. पाटला दाराच्या कोपऱ्यात बसली होती. तिने पाण्यालाही हात लावला नव्हता.

"आई, दोन घास खा."

"मेलेल्यांना आग्रह करू नये," ती म्हणाली.

पूर्णकाने संवरला बाहेर ओढलं. "अहो नगररक्षक, भूक लागली की खातील. लहान पोरं का आहेत? रस्ता मोकळा झाला. तुमचं पद पक्कं, माझं पुण्य पक्कं. आता मेहेरबानी करून तोंड उघडू नका."

पूर्णकाचं खोटं नव्हतं. तोंड बंद ठेवलं असतं तर पगडी मिळत होती. दुसऱ्या दिवशीही पानं तशीच उठली. पोरांना आयांनी कण्यांचं पाणी पाजलं, पण म्हाताऱ्यांनी काही घेतलं नाही. संवरला वाटलं, छप्पर आहे, अन्न आहे, चटया आहेत, आणि ही माणसं माझ्या उपकाराने मरणार. असं कसं होतं? त्याला कळेना. पण न कळता गप्प बसणंही जमेना. तो उठून राजाकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

राजा पांढरा पडला. "म्हणजे उद्या नवरी वेशीत येणार आणि रस्त्याला लागून सुतक? काय हवंय त्यांना? भांडी देतो, धान्य देतो."

"दगड हवेत, महाराज. खंदकातले."

"वेडी आहेत का ती?"

"असतील. मला माहीत नाही."

"मग जा आणि शोध. वरातीआधी सुतक फिटलं नाही तर ती सगळी नदीपलीकडे, आणि त्यांच्या पुढे तू. पगडीचं तर नावच काढू नकोस."

सकाळीच संवर खंदकात उतरला. कमरेपर्यंत चिखल. पहारेकरी काठावर उभे राहून तोंडं फिरवून हसत होते. तेलवाला ओरडला, "नगररक्षक, मासे मिळाले की आम्हालाही सांगा!" संवर एकेक दगड चाचपून वर टाकत होता. कोटाच्या बांधकामातले जुने तुकडेही त्याच खंदकात पडलेले. सगळे काळे, सगळे सारखे.

बातमी निवाऱ्यात पोचली. विरोचने पाटलेला पाठीवर घेतलं आणि मागोमाग सगळी माणसं काठावर आली. संवरने एक दगड वर धरला.

"हा तुझा का, आई?"

"नाही."

"हा?"

"माझी चूल काय हत्तीसाठी होती? टाक तो."

कोणीतरी हसलं. सुतकात हसू नये, पण हसलं. मग एक बाई म्हणाली, "थांबा, तो माझा. त्याला माझ्या पोराने दात लावलेला आहे." ती उतरली. विरोच उतरला. बघता बघता खंदक माणसांनी भरला. ज्याला त्याला आपापले दगड सापडू लागले. खरे सापडले की नुसते वाटले, देव जाणे. पाटलेचे दोन दगड मिळाले. तिसरा मिळेना.

सूर्य कलू लागला. लांबून वरातीचे ढोल ऐकू आले. संवरच्या नखांतून रक्त येत होतं. आपली चूल मांडली गेली तरी म्हातारीची मांडल्याशिवाय कोणी जाळ घालणार नव्हतं. ती त्यांच्यात सगळ्यात मोठी. संवरने आणखी एक दगड वर धरला. त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता.

"हा?"

म्हातारीने दगडाकडे पाहिलं. मग चिखलाने माखलेल्या त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हाच," ती म्हणाली. "ये आता वर."

संवर वर आला. तीन दगड त्याच्या हातात होते. आतापर्यंत त्याने वळचणीच्या माणसांना पुष्कळ विचारलं होतं, पण सगळं 'का नाही' असंच विचारलं होतं. आता पहिल्यांदा त्याने विचारलं, "आई, कुठे मांडू?"

पाटला गोंधळली. तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. तिने वळचणीकडे पाहिलं, निवाऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, "छप्पर बरं आहे. पण रस्ता दिसला पाहिजे. माझा मुलगा येईल."

संवरने पहारेकऱ्यांना पहारी आणायला सांगितल्या आणि निवाऱ्याची पुढची भिंत पाडायला लावली. पूर्णक डोकं धरून ओरडत होता, "माझी भिंत! माझा चुना!" भिंत पडली आणि त्या दालनाची एक मोठी वळचण झाली. वर छप्पर, समोर रस्ता, आणि छपराखाली ओळीने चुली. पाटलेने आपला जाळ घातला, मग बाकीच्यांनी घातले. वरात आली तेव्हा सगळा रस्ता धुराने आणि भाकरीच्या वासाने भरला होता. नवरीने मेण्याचा पडदा सारून पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे. सुतक फिटलं, एवढ्यावर राजाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. राजांना ते जमतं. पगडी मात्र पूर्णकाच्या मेव्हण्याच्या डोक्यावर गेली.

आता तुम्हाला वाटेल, सगळं सुरळीत झालं. नाही झालं. निम्मी माणसं तिथे राहिली. काही पुन्हा तेलवाल्याच्या वळचणीला गेली. गुत्ता चालूच होता. आणि पावसाळा सरल्यावर एका सकाळी पाटला दिसेनाशी झाली. मुलगा येऊन घेऊन गेला म्हणावं तर कोणी त्याला पाहिलं नाही. विरोचलाही ती काही बोलली नव्हती. तिच्या चुलीच्या जागी नुसती राख होती. दोन दगड तिने बरोबर नेले होते. तिसरा, खंदकातून शेवटी काढलेला, धुऊन पुसून संवरच्या उंबऱ्याशी ठेवलेला होता.

संवर तो दगड हातात घेऊन उंबऱ्यात बसला. तो तिचा नव्हताच. हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. मग "हाच" का म्हणाली? त्याची दया आली म्हणून, पोरं उपाशी होती म्हणून, की नुसती दमली म्हणून? त्या जन्मात तरी त्याला ते उलगडलं नाही. मात्र त्यानंतर कोणालाही काही देण्याआधी त्याला तो दगड आठवे आणि तो आधी विचारी.

भगवंतांनी ही गोष्ट जेतवनात सांगितली आणि जन्मांचा मेळ घातला, असं भंतेजी सांगतात. त्या वेळचा सुषेण राजा म्हणजे आनंद. विरोच हमाल म्हणजे रोज विहार झाडणारा उपासक. पाटला म्हणजे भिक्षुणीसंघातली एक थेरी, जी कोणाशी फारसं बोलत नसे. आणि नगररक्षक संवर म्हणजे तथागत स्वतः. भंतेजी म्हणतात, ही दानाची पारमी, म्हणजे बुद्ध होण्याआधी पुरा करायचा गुण. मी म्हणतो, दान तर पूर्णकानेही केलं. ही विचारण्याची पारमी आहे, आणि तिला दानापेक्षा जास्त चिखल लागतो.

पूर्णक पुढे कोण झाला ते भंतेजी सांगत नाहीत. मी सांगतो. आपल्या विहाराच्या पायरीवर झिंगराजी निजायचा. मागच्या पौर्णिमेला पाहुणे येणार म्हणून त्याची वाकळ आणि तवा कचऱ्याच्या गाडीत गेला, पायरीला लोखंडी जाळी लागली. आधी त्याला विचारा, असं मी म्हणालो, तर जाळी लावणाऱ्यानेच भर सभेत माझ्याकडे बोट करून उत्तर दिलं, "म्हातारा सरकलाय." झिंगराजी त्यानंतर दिसला नाही. त्याची माफी मागायला आता तो सापडायचा नाही. मी मात्र रोज इथेच असतो, जाळीच्या शेजारी, आणि माझी माफी मागायला तुम्ही अजून आला नाहीत, विश्राम गजभारे.