अर्धा क्लच

"माझ्यावर कुणाचाच विश्वास नाही बाबा. तुमचा तरी बसेल का?"

लतीफबाबा तकियाच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्या माळावर फकिराचं तेवढंच एक ठाणं, आणि त्यात एकटा माणूस. त्यांनी एक पाकळी सोलली, ताटलीत टाकली.

"कशावर बसायला पाहिजे?"

"मी क्लच पुरा दाबते."

बाबांनी वर बघितलं. चढ संपतो तिथं माझी गाडी उभी होती. जुनी अँबेसिडर, लांब पाठीची, एस्टेट. जळका वास ओट्यापर्यंत येत होता.

"मिस्त्री म्हणतो, ताई तुम्ही अर्धाच दाबता, म्हणून प्लेट जळते. मी म्हटलं, मुडद्या, पाय माझा का तुझा? दोन प्लेटी घातल्या त्यानं. दोन्ही जळाल्या. पोरगं पुण्यातनं फोनवर म्हणतं, आई, आता जळली की भंगारात. आणि आज परत हा वास."

"मग?"

"मग काय? मी तर पुरा दाबते. म्हणजे दुसरं कुणीतरी जाळतंय. मिस्त्री खोटा माल घालत असेल, नाहीतर कुणाची नजर असेल. मला नाव पाहिजे."

"नाव घेऊन काय करशील?"

"समोर उभी राहून विचारीन. मी कुणाला भीत नाही."

"ते दिसतंय," बाबा म्हणाले, आणि दुसरी पाकळी घेतली.

मला राग आला. मी काय लसूण बघायला आले होते?

"भंगारात गेली तर काय जाईल, माय?"

...

"लोक म्हणतात टेंपो घे," मी म्हटलं. "भांड्यांचा धंदा, टेंपोच बरा. त्यांना काय माहीत? पाठीमागं हंडे, कळशा, डबे. वर टपाला पराती बांधलेल्या. पुढं हे चालवायला, शेजारी मी. बाजार उठला की मागचा दरवाजा उघडायचा, कडेवर बसायचं, भाकरी खायची. म्हसवडच्या जत्रेत पावसानं धरलं, तर भांडी बाहेर काढली आणि आत झोपलो आम्ही. पाय लांब करून. टेंपोत झोपून दाखवा म्हणावं."

"आणि?"

"गाडी खड्ड्यात गेली की सगळी झाकणं एकदम वाजायची. हे म्हणायचे, चला, वाजंत्री निघाली. दर खड्ड्याला तेच. मी म्हणायची, पुरे करा आता."

बाबांचे हात थांबले.

"आता?"

"आता झाकणं वाजतात. तेवढंच."

माळावर वारा होता. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं.

बाबा ह्यांना ओळखायचे. दर गुरुवारी हे गाडीत पाण्याचे कॅन घालून तकियाला आणायचे आणि बाबा त्यांना लांबूनच नावानं हाक मारायचे. आता त्या नावानं हाक मारणारं घरात कुणी नाही. सासूबाई गेल्या, थोरले भावजी गेले. पोरगं 'पप्पा' म्हणतं, तेही वर्षश्राद्धाला. आणि मी? मी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आमच्यात घेत नाहीत.

बाबा उठले. ताटली तिथंच ठेवून गाडीकडं निघाले. उंच माणूस, वाकून चालतो. मी मागनं.

"तुम्हाला गाडी येते?"

"छे."

त्यांनी दार उघडलं. चालवायच्या जागेवर माझी उशी होती, पाठीला लावायची. ती त्यांनी उचलून टपावर ठेवली आणि आत बसले. पाठ सीटला टेकली, पाय क्लचवर गेला, पार फळीला लागला.

"बरोबर बसतंय की," ते म्हणाले.

"तुमच्या उंचीला बसणारच."

"बस तू."

मी उशी परत लावली, चांगली ठोकून. बसले. बाबा उघड्या दाराशी उकिडवे बसले, हात आत घातला आणि तळवा क्लचच्या खाली, फळीवर ठेवला.

"दाब."

"बाबा, हात चेपेल."

"पुरा दाबतेस ना?"

"पुरा म्हणजे पुराच."

"मग दाब."

"बोटं मोडतील. मी सांगून ठेवते."

"दाब, माय."

मी दाबला. डोळे मिटून दाबला. पाय ताठ झाला, कंबर सीटवरून उचलली गेली, टाचेत कळ आली.

बाबा ओरडले नाहीत.

मी डोळे उघडले. क्लचखाली त्यांचा हात होता आणि बोटं हलत होती. आरामात. कणीक मळल्यासारखी.

"सगळा जोर लावलास?"

"सगळा."

"आणखी आहे?"

"नाही."

बाबांनी हात काढून घेतला, झटकला.

"विश्वास बसला," ते म्हणाले. "तू पुरा दाबतेस."

मला एकदम रडू आलं. वर्षभर हे एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. मी पदरानं तोंड पुसलं.

"मग तुमची बोटं कशी राहिली?"

त्यांनी सीटखाली बघितलं. सीट पुढंमागं करायचा खटका असतो तिथं. गंजून लाल झाला होता.

"पाय पोचत नाही तुझा. हा ओढत नाहीस?"

"नाही."

"का?"

...

"पुढची सीट अख्खी एकच आहे बाबा, बाकासारखी. एक सरकला की शेजारचाही सरकतो. मी आयुष्यभर ह्यांच्या मापाच्या सीटवर बसले. पाय लोंबकळायचे माझे. म्हटलं होतं एकदा, जरा पुढं घ्या. म्हणाले, माझे गुडघे कुठं ठेवू?"

"मग आता घे पुढं."

"नाही घेणार."

"गुडघे कुणाचे अडतात आता?"

आता चाक माझ्या हातात, म्हणून शेजारची मोकळी जागा ह्यांची. मी तिथं चहाचा डबासुद्धा ठेवत नाही.

जळका वास अजून येतच होता.

"ते राहू द्या," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "मी सीटचं विचारायला आले नव्हते. मिस्त्री नाही, नजर नाही, मी नाही... मग माझी गाडी जाळतंय कोण? मला नाव पाहिजे, बाबा. ज्याचं असेल त्याचं. तोंडावर सांगा."

बाबांनी टपाला हात टेकला आणि मोकळ्या जागेकडं बघितलं. मग, गुरुवारी लांबून मारायचे तशी, हाक मारली.

"बजरंग!"