टिपणीसांना आवडलेलं घड्याळ

केशवराव टिपणीसांना जुन्या, भारी घड्याळांचा भलता नाद. अर्धं आयुष्य त्यात घालवून त्यांनी एकजात नकली घड्याळं घरी आणली. बायको त्या कपाटाला ‘अक्कलखातं’ म्हणायची आणि केशवराव ते नाव पाहुण्यांना हौसेने सांगायचे.

शेवटी गावच्या वाचनालयात त्यांनी या नकली घड्याळांचंच प्रदर्शन मांडलं. उद्घाटनाला वाचनालयाचे अध्यक्ष श्रीमंत आबासाहेब रणनवरे आले. भाषणात म्हणाले, “टिपणीसांना जे घड्याळ आवडतं, ते हटकून नकली निघतं!” लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने केशवराव हसले.

मग आबासाहेबांनी खिशातून सोन्याचं घड्याळ काढलं. “हे मात्र अस्सल! सत्तावन्नच्या बंडाआधी आमच्या खापरपणजोबांना नजराणा आलेलं. दिवे घालवा रे!”

अंधारात काटे हिरवेगार चमकले. टाळ्या पडल्या.

पण काट्यांना असा चमकणारा रंग लागला तो विसाव्या शतकात. हे केशवरावांना पक्कं ठाऊक होतं, कारण असल्याच काट्यांनी त्यांना एकदा गंडवलं होतं. खरं बोलावं तर प्रदर्शन आजच गुंडाळावं लागणार. खोटं बोलावं तर अक्कलखात्यात आणखी एक भर.

“बोला टिपणीस, कसं वाटलं?” आबासाहेबांनी दरडावलं.

“काय सांगू आबासाहेब,” केशवराव म्हणाले, “फार म्हणजे फारच आवडलं!”

मग असा हशा पिकला की दिवे लावायचं भान कुणालाच राहिलं नाही. ते हिरवे काटे हळूच आबासाहेबांच्या खिशात उतरताना मात्र सगळ्यांना दिसले.