दोन परातींची पूजा

वर्षांची मोजदाद कोणी ठेवत नसे, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी चुना भाजणाऱ्यांचे गाव होते. भट्ट्यांना लाकूड डोंगर देई आणि माणसांना पाणी तळे देई. तळे दरसाल थोडे थोडे उथळ होते आहे, हे गावच्या गुरुजींच्या लक्षात आले आणि त्यांची झोप उडाली.

त्यांनी मुलांना कारण सांगितले नाही, शोधायला लावले. मुलांनी दोन पराती तिरप्या ठेवल्या. एकीत तोड झालेल्या उतारावरची उघडी माती, दुसरीत झाडाखालचे गवतासकट उचललेले ढेकूळ. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घातले. पहिलीतून चिखल वाहिला, दुसरीतून जवळजवळ नितळ पाणी.

"गुरुजी, म्हणजे आपलं तळं गाळानं भरतंय!" एक चिमुरडी ओरडली. "झाडं तोडली म्हणून!"

गुरुजींचा ऊर भरून आला. जत्रेच्या दिवशी मुलांनी हाच प्रयोग साऱ्या गावासमोर केला. लोकांनी तोंडात बोटे घातली. पाटलांनी परातींना हळदकुंकू वाहिले, त्या देवळात ठेवल्या आणि गुरुजींच्या खांद्यावर शाल घातली.

"पण पाटीलबाबा, डोंगरावरची तोड कधी थांबणार?" त्याच मुलीने विचारले.

"अगं, आता या परातींची दरसाल पूजा करू की आपण!" पाटील हसले.

गुरुजींना बोलायचे होते. पण शाल मऊ होती, चारचौघांत कौतुक चालले होते. ते गप्प बसले. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

पूजा खरोखरच दरसाल झाली, आणि कुऱ्हाडीही चालत राहिल्या. मुले मोठी झाली, भट्ट्यांवर कामाला लागली. शेवटी एका उन्हाळ्यात तळ्याच्या जागी नुसता भेगाळलेला गाळ उरला. गाव उठले.

ती मुलगीही निघाली, कडेवर तान्हे मूल घेऊन. म्हाताऱ्या गुरुजींनी तिला वाटेत अडवले. "पोरी, मी शिकवलेलं सगळं विसरलात का गं तुम्ही?"

"नाही, गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "दोन्ही धडे लक्षात आहेत. परातीत पाणी घालायचं तोही, आणि शाल मिळाली की गप्प बसायचं तोही."

ती गेली. गुरुजी देवळात जाऊन बसले. परातीतले गवत केव्हाच वाळून गेले होते. त्यावर घालायला आता गावात घोटभर पाणी नव्हते.

तात्पर्य: मुलांना शिकवलेले मोठ्यांनी आचरले नाही, तर मुले धडा सोडून मोठ्यांनाच गिरवतात.