शेवंती आणि ब्रेडचं तरस

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. तिथे ढग अंगणात येऊन बसायचे. त्या गावात शेवंती नावाची चिमुकली मुलगी आईबरोबर राहायची. घर पत्र्याचं आणि पांघरूण दोघींना मिळून एकच. आई वृंदाकाकूंच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. पण आज आईचं अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. हाका मारल्या तरी ती डोळे उघडत नव्हती. आणि नेमका आजच काकूंच्या निषादचा वाढदिवस होता!

शेजारच्या सखूमावशीला आईजवळ बसवून शेवंती एकटीच बंगल्यावर गेली.

"अगं बाई, तू?" काकूंनी कपाळाला हात लावला. "मुलांना चीज सँडविच हवीत. तीही चांदण्यांची, सशांची, बदकांची! जमेल तुला?"

"आईला ताप आलाय. पण मला जमेल काकू."

"बघ हं. आत्ता पाहुणे येतील. नाही जमलं तर मला दुसरी बाई शोधावी लागेल."

ब्रेड कापसासारखा मऊ होता. चटणी हिरवीगार, चीज पिवळंधमक. पण शेवंतीचं सगळं लक्ष घरी आईकडे होतं. सशाचे कान तुटले. बदकाची मान गळून पडली. चांदणीच्या तर चिंध्या झाल्या. तुकडे पाखरांना घालावेत म्हणून ती सुरी हातात धरूनच मागच्या बागेत आली आणि मुसमुसून रडू लागली.

बागेत दुधासारखं दाट धुकं होतं. कुंपणापलीकडे काळं जंगल. तिथे तरस राहायचं. ते माणसासारखं हसायचं, आणि ते हसू ऐकलं की मोठ्यांच्याही अंगावर काटा यायचा.

"मला सोडव ना गं!" इवलासा आवाज आला.

जाईच्या वेलीवर कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात कळीएवढी परी अडकली होती. तिचे गुलाबी पंख फडफडत होते. काळाकुट्ट केसाळ कोळी एकेक पाय टाकत तिच्याकडे येत होता. शेवंतीला कोळ्याची फार भीती वाटायची. तिनं डोळे घट्ट मिटले, हात पुढे केला आणि परीला अलगद ओढून घेतलं.

परीनं रुपेरी केस झटकले. चमचम चांदणचुरा उडाला. "शहाणं माझं बाळ! आता सांग, तुला काय हवं?"

"माझी सँडविच छान होऊ देत. आणि माझी आई बरी होऊ दे."

परीनं शेवंतीच्या सुरीला पंख टेकवला. सुरी लखलखली. "सुरी फिरवताना मनात येईल तोच आकार होईल. सगळ्यात शेवटी आईसाठी एक फूल काप. ते खाणाऱ्याचं दुखणं पळून जाईल. पण फूल एकदाच होईल हं! आणि एक लक्षात ठेव. मनात भीती आली, तर सुरी खाली ठेव. लगेच!"

मग काय! शेवंती धावत स्वयंपाकघरात आली. भुर्रकन बदकं झाली, टुणकन ससे झाले. चांदण्या झाल्या, मासोळ्या झाल्या. ताटं भरली. शेवटी शेवंतीनं पाच पाकळ्यांचं सुंदर फूल कापलं आणि आईसाठी खिशात ठेवलं. एवढ्यात तिला दिसलं, दोन स्लाइस उरले होते. आणखी एक ससा करावा म्हणून तिनं सुरी टेकवली, आणि जंगलातून आवाज आला,

"ही-ही-ही-हीऽऽ!"

शेवंती दचकली. सुरी खाली ठेवायची राहिली आणि फिरली मात्र!

ताटात ससा नव्हता. उतरत्या पाठीचं, गोल कानांचं तरस होतं. त्याचे मिरीएवढे डोळे उघडले. पिवळी जीभ लपलपली. टुणकन उडी मारून ते थेट पाहुणी मुलं जमलेल्या दिवाणखान्यात शिरलं.

मुलं किंचाळली. किंकाळी ऐकली की तरस वाढायचं! आधी मांजराएवढं झालं, मग कुत्र्याएवढं, मग टेबलाहून उंच. फुगे फटाफट फुटले. काकू पडद्यामागे थिजून उभ्या राहिल्या. निषाद टेबलाखाली लपला होता. तरसानं तिथेच नाक खुपसलं.

"आई गं!" निषाद ओरडला. तरस आणखी वाढलं.

शेवंतीला पळून जावंसं वाटत होतं. पण हे तरस तिच्याच हातून झालं होतं. ती एकेक पाऊल टाकत पुढे गेली. जवळून तिला दिसलं, तरसाच्या बरगड्या वर आल्या होत्या आणि तेसुद्धा घाबरून कापत होतं.

"तुला भूक लागलीय का रे?" तिनं हळूच विचारलं.

तरसानं मान वळवली. केवढाले ते दात! खिशात आईचं फूल होतं. शेवंतीच्या डोळ्यांसमोर आईचा तापलेला चेहरा आला. पण टेबलाखाली निषाद रडत होता.

तिनं फूल तळहातावर ठेवून पुढे केलं. "घे. खा."

गरम श्वास बोटांना लागला. तरसानं फूल अगदी हळूच उचललं. खाल्लं. त्याचं कापणं थांबलं. ते शेवंतीच्या पायाशी लहान लहान होत गेलं, आणि उरला नुसता ब्रेडचा चुरा.

"आता आईला काय देऊ?" शेवंती हुंदके देऊ लागली.

निषाद रांगत बाहेर आला. त्यानं आपल्या बशीतलं बदक उचललं. "हे घे. हे तुझ्या आईला दे. मी नाही खाल्लं."

तोच खिडकीतून परी आली. "जिनं आपलं फूल दुसऱ्याला दिलं, तिला मी रिकाम्या हातानं कशी जाऊ देईन?" तिनं बदकाच्या चोचीला पंख टेकवला. बदक सोनेरी झालं.

बदक घेऊन शेवंती घराकडे धावत सुटली. मागून निषाद आणि ताट घेतलेल्या काकू. आईनं कसाबसा एक घास गिळला. मग दुसरा. कपाळावर घाम फुटला, ताप उतरला. ती उठून बसली.

"बरं वाटेपर्यंत यायचं नाही हं," काकू आईचा हात धरून म्हणाल्या. "तुमची जागा तुमचीच आहे."

दारात परी हसली. तिच्या पंखांतून गुलाबी, निळा, सोनेरी उजेड सांडला, सगळं घर उजळलं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

"शेवंते," आई म्हणाली, "तू काही खाल्लंस का गं?"

शेवंतीला आत्ता आठवलं, सकाळपासून तिच्या पोटात काहीच नव्हतं. काकूंनी ताट पुढे केलं. शेवंतीनं एक ससा उचलला आणि आईच्या कुशीत बसून कानापासून खायला सुरुवात केली.