परत येण्याचा शब्द

मुलाच्या अस्थी परदेशात त्याच्या मित्राच्या घरी ठेवलेल्या होत्या. त्या आणायला निघालेल्या अनसूयाबाई गुरवांना एजंटाने आठवडाभर पढवलं होतं, "मावशी, रडायचं नाही. परत येणार एवढंच सांगायचं. पासपोर्ट ठेवून घेतला, की व्हिसा मिळाला समजायचं."

व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या साहेबाने त्यांच्या कागदांना हातही लावला नाही. संगणकात बघत तो म्हणाला, "तुमचा मुलगाही इथे परत येणार म्हणाला होता. सहा वर्षं झाली. आला का?"

अनसूयाबाई पढवलेलं सगळं विसरल्या.

"नाही आला, साहेब. तुम्हाला दिलेला त्याचा शब्द आता मलाच पुरा करायचाय. अस्थी झालाय तो. घेऊन येते."

साहेबाने मान वर न करता पासपोर्ट ठेवून घेतला.

बाहेर पायरीवर बसून अनसूयाबाई पोटभर रडल्या. आता मनाई नव्हती.